ट्राउट गरवायचाय, पण माशी कुठली लावू?

शास्त्रीकाठ
मंडळी, लहानपणी आजोळी संगमेश्वरला शास्त्री नदीच्या डोहावर गरवायला जायचो. कळकाची काठी, चार वाव तंगूस, शिशाचा तुकडा आणि गळाला गांडूळ. एवढ्या भांडवलावर आजोबा संध्याकाळच्या कालवणाची सोय करायचे. गळाला काय लावायचं हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण उत्तर परसातल्या ओल्या मातीत वळवळत असायचं.

आता गेली नऊ वर्षं एडिसन, न्यू जर्सीला आहे. ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने निवृत्त होताना स्वतःचा जुना फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशीने गरवायची काठी, मला दिला. नऊ फुटी, पाच वजनाचा, रीळ आणि दोरीसकट. म्हणाला, रॅरिटन नदीच्या साउथ ब्रांचवर जा, ट्राउट मासा आहे. लायसन्स काढलं, त्यावर ट्राउटचा वेगळा स्टॅम्पही काढला. मग माश्या घ्यायला दुकानात गेलो. किराणा दुकानात मसाल्याचे असतात तसे लाकडी कप्पे, भिंतभर. प्रत्येक कप्प्यात पिसं-केस गुंडाळलेले इवलेसे गळ आणि खाली चिठ्ठीवर काहीतरी अगम्य नाव. 'नवीन आहे' म्हटल्याबरोबर दुकानदाराने भराभर चोवीस माश्या डबीत टाकल्या आणि साठ डॉलर सांगितले. अडीच डॉलरला एक माशी! 'बायकोला विचारून येतो' म्हणून सटकलो.

तर जाणकारांनो, एप्रिल-मे महिन्यात सुरुवात करायची तर खरंच किती आणि कुठल्या माश्या लागतात? आणि हे एकट्याने शिकता येतं का?

ताकभात
म्हणजे नऊ वर्षं अमेरिकेत राहून शेवटी माश्या मारायचंच काम हाती आलं? :)

टकमक
पहिल्याच प्रतिसादाला माशी शिंकली.

हंटरडनकर
शास्त्रीकाठ, पळालात ते बरं केलंत. मी साउथ ब्रांचपासून वीस मिनिटांवर राहतो आणि अकरा वर्षं तिथे भिजतोय. पहिली दोन वर्षं माझ्याकडे तीनशे माश्या होत्या आणि मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आता खिशात एकच डबी असते.

आधी मूळ फरक लक्षात घ्या. तुमच्या आजोबांच्या काठीत शिसं जड होतं, ते दोरीला ओढत न्यायचं. इथे माशीला वजनच नाही, कापसाचा बोळा फेकल्यासारखं आहे ते. म्हणून दोरी जड केलेली असते. आपण दोरी फेकतो, माशी तिच्या मागून नवरीच्या करवलीसारखी जाते. 'पाच वजन' म्हणजे काठीचं वजन नव्हे, त्या दोरीचा क्रमांक. ट्राउटसाठी अगदी योग्य काठी मिळाली आहे तुम्हाला, त्या सहकाऱ्याला दिवाळीत चकल्या द्या.

माश्यांचे ढोबळ प्रकार असे. ड्राय फ्लाय पाण्यावर तरंगते, म्हणजे पंख फुटून वर आलेला किडा. निम्फ बुडते, म्हणजे तळाच्या दगडांत राहणारी त्याच किड्याची अळी. वेट फ्लाय यांच्या अधेमधे. आणि स्ट्रीमर म्हणजे छोटा मासा किंवा जळू, जी ओढत आणायची. ट्राउटचं बहुतेक जेवण पाण्याखालीच उरकतं, पण नवशिक्याचं मन वरच्या माशीवर बसतं, कारण मासा वर येऊन ती घेताना दिसतो. ते एकदा दिसलं की संपलंच, माणूस कामातून गेला.

माझी यादी सहांची. वरून तरंगायला पॅराशूट अॅडम्स, १४ आणि १६ नंबर. एल्क हेअर कॅडिस, १६. बुडवायला फेझंट टेल निम्फ, १६. हेअर्स इअर, १४, सोनेरी मणी असलेली. झेब्रा मिज, २०. आणि वूली बगर, काळी किंवा ऑलिव्ह, १० नंबर. प्रत्येकी तीन घ्या, कारण दोन झाडाला अर्पण होणार.

अॅडम्स का, तर ती कुठल्याच एका किड्याची नक्कल नाही आणि सगळ्यांची थोडी थोडी आहे. राखाडी अंग, करडी-तपकिरी पिसं. मिशिगनमध्ये १९२२ साली लेन हॅलडे यांनी बोर्डमन नदीसाठी बांधली, त्यांच्या वकील मित्राचं आडनाव तिला चिकटलं. शंभर वर्षांनंतरही दुकानात सगळ्यात आधी तोच कप्पा रिकामा होतो. पॅराशूट प्रकारात वर पांढरा तुरा असतो, तो माशासाठी नाही, तुमच्या चाळिशीसाठी आहे.

उकडीचा_मोदक
एक बाळबोध शंका. १० नंबर मोठा की २० नंबर? आणि मण्याचं काय प्रयोजन, माशाला दागिने आवडतात का?

हंटरडनकर
आकडा वाढला की गळ लहान. २० नंबरची माशी मोहरीच्या दाण्यावर दोन फाटे दिल्यासारखी दिसते. मणी पितळेचा किंवा टंगस्टनचा, वजनासाठी. माशी पटकन तळाला गेली पाहिजे.

याच उलट्या चालीचा दुसरा आकडा टिपेटचा. टिपेट म्हणजे माशीला बांधायचा शेवटचा बारीक तंगूस. त्यावर ४ एक्स, ५ एक्स असं लिहिलेलं असतं. ११ मधून तो आकडा वजा करा, उरेल तितके हजारांश इंच जाडी. म्हणजे ५ एक्स झाला सहा हजारांश इंच. कुठल्या माशीला कुठला हे ठरवायला माशीच्या नंबराला तीनने भागा. १६ ला पाच, म्हणजे ५ एक्स. अगदी काटेकोर नाही, पण चालतं.

धुकं
हंटरडनकरांचा आदर राखून असहमत. सहा माश्यांची यादी हातात देणं म्हणजे स्वयंपाक शिकवताना 'हे सहा मसाले टाक' म्हणून मोकळं होणं. समोर काय शिजतंय ते कोण बघणार?

मी मध्य पेनसिल्व्हेनियात आहे, स्टेट कॉलेजजवळ. स्प्रिंग क्रीक घरापासून सायकलच्या अंतरावर. चुनखडीतून येणारं झऱ्याचं पाणी, हिवाळ्यात गोठत नाही, उन्हाळ्यात तापत नाही. मला शिकवणाऱ्या आजोबांनी (शेजारचे, ऐंशीच्या पुढचे) पहिले दोन दिवस काठी जोडूच दिली नाही. म्हणाले, दगड उचल.

तर शास्त्रीकाठ, माझं ऐका. घोटाभर पाण्यात उतरा, जिथे पाणी खळखळतंय तिथे. तळहाताएवढा चपटा दगड सावकाश उचला आणि उलटा करा. पहिली पाच सेकंदं काहीच दिसत नाही, नुसता ओला दगड. मग दगड चालायला लागतो. चपटी, शेपटीला दोन-तीन केस असलेली पळत कडेला जाते ती मेफ्लाय नावाच्या किड्याची अळी. वाळूचे कण चिकटवून केलेली, तांदळाएवढी नळी दिसते ती कॅडिसची, नळीच्या तोंडातून काळं डोकं बाहेर येतं आणि आत जातं. दोन शेपट्या आणि अंगानं दांडगी ती स्टोनफ्लाय. आता डबी उघडा आणि त्या रंगाची, त्या मापाची माशी काढा. नाव माहीत नसलं तरी चालेल. माप आधी, आकार मग, रंग शेवटी.

एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारी हेंड्रिक्सन नावाच्या मेफ्लाय निघतात, मेमध्ये संध्याकाळी पिवळसर सल्फर. हा सुमार तुमच्याकडेही साधारण तोच. आमच्या पेन्स क्रीकवर मेअखेर ग्रीन ड्रेक नावाची मोठी मेफ्लाय निघते, तेव्हा नदीला जत्रेचं रूप येतं, गाडी लावायला जागा नसते. मेफ्लाय पंख फुटल्यावर खात नाही, तिला चालतं तोंडच नसतं. एक-दोन दिवसांत जोडी, अंडी आणि मरण. वर्षभर दगडाखाली काढलेलं आयुष्य त्या एका संध्याकाळसाठी.

टकमक
चालतं तोंडच नसतं आणि दोन दिवसांत लग्न उरकून मोकळी. आमच्याकडे लग्नात दोन्ही पक्षांना तोंडं असतात, हाच प्रॉब्लेम आहे.

हंटरडनकर
@धुकं, दगड उचलण्याबद्दल दुमत नाहीच. पण तुमचा स्प्रिंग क्रीक आणि आमची साउथ ब्रांच यांत फरक आहे. तुमचे मासे तिथेच जन्मलेले, शहाणे. आमच्याकडचे बरेचसे पेक्वेस्टच्या सरकारी हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) ट्रकने येतात, वर्षाला सहा लाखांच्या घरात. जन्मापासून खाद्याच्या गोळ्या खाल्लेला रेनबो ट्राउट, त्याला हेंड्रिक्सन काय नि सल्फर काय! नदीत पडून आठवडा झालेल्या माशापुढे वूली बगर नीट ओढली तरी झडप घालतो. (ही बगरही तुमच्याच राज्यातली. रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये बांधलेली.)

माझं म्हणणं एवढंच की नवशिक्याचे मासे चुकीच्या माशीमुळे जात नाहीत. माशी बरोबर असते, चाल चुकीची असते.

धुकं
चालीबद्दल शंभर टक्के मान्य. आणि गोळ्या खाणाऱ्या माशांबद्दलही मान्य, पण महिनाभर नदीत टिकला की तोही शिकतो. त्याच नदीच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांत मूळचा ब्रूक ट्राउट अजून आहे, तो तुमच्या राज्याचा राज्यमासा. त्याला गोळ्या माहीत नाहीत.

शास्त्रीकाठ
बापरे, एका रात्रीत एवढं! दोघांनाही दंडवत. 'चाल' म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगाल का?

धुकं
मी सांगते. नदीवर एक वाळलेलं पान टाका आणि बघा. ते पाण्याच्या वेगानं जातं, ना पुढे ना मागे. माशी तशी जायला हवी. पण तिला दोरी बांधलेली आहे आणि दोरी मधल्या जोरकस धारेवर पडली आहे. धार दोरीला ओढते, दोरी माशीला, आणि माशी मोटरबोटीसारखी मागे रेघ काढत निघते. खरा किडा रेघ काढत नाही. ट्राउट ते बघतो आणि खाली जातो. याला इथे ड्रॅग म्हणतात. उपाय म्हणजे दोरी पडल्यापडल्या काठीच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवायचा. वाढलेल्या पानावरचं केळीचं पान बाजूला सारावं इतक्या हळू, माशीला धक्का न लावता.

आणि लांब फेकण्याचा हव्यास नको. माझे निम्म्याहून जास्त मासे वीस-पंचवीस फुटांत मिळाले आहेत. काठी घड्याळाच्या दहा आणि दोन यांच्या मध्ये ठेवायची, मागे नेल्यावर थांबायचं, दोरीला मागे सरळ व्हायला वेळ द्यायचा, मग पुढे. सगळे तो मागचा थांबा खातात आणि चाबकासारखा आवाज येतो. आवाज आला की समजायचं, माशी गेली.

नाठाळ_नारळ
वाढलेल्या पानावरचं केळीचं पान? ताई, पानावर पान कोण ठेवतं?

धुकं
हाहा, खरंच की. वाढलेल्या पानावरची लोणच्याची फोड म्हणायचं होतं. सकाळी सहाला लिहिलं की असं होतं.

राजापुरी
सगळं वाचलं. मला एक कळत नाही. एवढे कष्ट करून मासा धरायचा आणि परत सोडायचा? मग धरायचा कशाला? आमच्याकडे खाडीवर कुणी असं केलं तर त्याला घरचे देवऋष्याकडे नेतील.

थंडगार
राजापुरी +१. खायचा नसेल तर त्याच्या जबड्यात गळ अडकवून आपली करमणूक करणं हे मला जास्त क्रूर वाटतं. खाणाऱ्याकडे निदान कारण तरी आहे.

हंटरडनकर
प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. वस्तुस्थिती सांगतो. साउथ ब्रांचवरच्या केन लॉकवूड गॉर्जसारख्या पट्ट्यात सोडणं हा नियम आहे, ऐच्छिक नाही. इतरत्र ठरावीक संख्येपर्यंत नेता येतात आणि मी मोसमात दोन-चार नेतोही. सोडायचाच असेल तर नीट सोडा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, हात ओले करा (कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते), पाण्याबाहेर फोटोसाठी मिरवू नका. आणि पाणी २० अंशांच्या पुढे गेलं की घरी जा. गरम पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. मी जुलै-ऑगस्टमध्ये काठी काढतच नाही.

थंडगार
नियम आहे हे कारण झालं, समर्थन नाही. पण प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं.

कापाची_कोर
न्यूझीलंडहून. इथे उलटी गंमत. ट्राउट विकत घेणं आणि विकणं दोन्ही बेकायदा. कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. खायचा असेल तर स्वतः धरा, नाहीतर धरणाऱ्याशी मैत्री करा. मी दुसरा मार्ग पत्करला आणि लग्न केलं.

आणखी एक, नदीत उतरायच्या बुटांना खाली नमद्याचा तळवा असेल तर इकडे आणू नका. डिडिमो नावाचं शेवाळ २००४ मध्ये इथल्या नद्यांत सापडलं, ते ओल्या नमद्यातून या नदीतून त्या नदीत जातं, म्हणून तसे तळवेच बंद केलेत. रबरी तळव्याचे घ्या. आणि कुठल्याही देशात असा, एका नदीतून दुसरीत जाताना बूट धुऊन पूर्ण वाळवा.

नाठाळ_नारळ
धाग्यावर मासा आला आणि अजून पाककृती नाही? ट्राउट आमच्याकडे म्हापशाला कोण विचारणार नाही म्हणा. इथे सुंगटां-बांगडे सोडून गोड्या पाण्याचा मासा खायचा म्हणजे शिक्षा. तरी बेंगळुरूला असताना एकदा केला होता. त्याला खवलं इतकी बारीक की काढायची गरजच पडत नाही. पोट साफ करून आडव्या चिरा, मीठ-हळद, आगळ, आलं-लसूण, लाल तिखट. अर्धा तास मुरवून रव्यात घोळवून तव्यावर. कातडं कुरकुरीत झालं पाहिजे. आगळ कमी करू नका, त्याला स्वतःची म्हणून चव फार नाही.

धुकं
चव नाही हे हॅचरीतल्याबद्दल बोला. ओढ्यातल्या ब्रूक ट्राउटचं मांस नारिंगी असतं आणि त्याला आगळ लावणं हा अपराध आहे.

नाठाळ_नारळ
अपराध कबूल. आगळ लावणारच.

मोरपीस
अवांतर होतंय पण राहवत नाही. मी पक्षीवाली आहे, मासेवाली नाही. या माश्यांसाठी पिसं कुठून येतात याची फार मोठी आणि फारशी अभिमानास्पद नसलेली गोष्ट आपल्या सह्याद्रीत आहे. आपला राखी रानकोंबडा, भीमाशंकरला नाहीतर कोयनेच्या जंगलात पहाटे ओरडतो तो. नराच्या मानेवरच्या प्रत्येक पिसाच्या टोकाशी पिवळट-पांढरा, लाखेसारखा चकचकीत ठिपका असतो. ब्रिटिशांच्या सॅमन माश्यांत तो ठिपका डोळा म्हणून लावायचे. 'जंगल कॉक' हे त्याचं बाजारातलं नाव. एका मानेची कातडी म्हणजे एक मेलेला कोंबडा, आणि अशी कातडी ढिगांनी इथून गेली. आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, परदेशात ते पक्षी पाळून त्यांची पिसं विकतात. शास्त्रीकाठ, तुमच्या संगमेश्वरच्या वरच्या रानातही तो आहे.

शास्त्रीकाठ
@मोरपीस, आजोळच्या मागच्या रानात ऐकलाय कितीदा. त्याची पिसं स्कॉटलंडच्या नदीत बुडत होती हे आज कळलं. माझ्या यादीतल्या सहा माश्यांत तो कुठे नाही ना?

मोरपीस
हंटरडनकर सांगतील, पण अॅडम्सला पाळीव कोंबड्याची पिसं लागतात. निर्धास्त राहा.

हंटरडनकर
बरोबर. अॅडम्सला पाळीव कोंबडा, फेझंट टेलला फेझंटच्या शेपटीची पिसं, हेअर्स इअरला सशाच्या कानाचे-तोंडाचे केस, कॅडिसला एल्क हरणाचे. ही सगळी शिकारीची नाहीतर कोंबडीपालनाची उरलीसुरली भर.

सुपारी_कातर
पुण्यातून. आम्हा देशी लोकांना काही आहे का? की नुसतं वाचून जळायचं?

पहाडी_पुणेकर
आहे ना. महाराष्ट्रात ट्राउट नाही, पाणी तेवढं थंड राहत नाही. पण कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात या. मी तीन वेळा गेलोय. हिमाचलच्या मत्स्यविभागाचा दिवसाचा परवाना काढायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी, कारण तेव्हा ट्राउट अंडी घालतो. मार्च-एप्रिल किंवा पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर उत्तम. पावसाळ्यात तीर्थन चहाच्या रंगाची होते, जाऊ नका.

पहिल्यांदा इथून ऐटीत ड्राय फ्लायची डबी घेऊन गेलो. तीर्थनचं पाणी उतरतं, गोट्यांमधून उड्या मारतं. माशी पडायच्या आधी बुडायची. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका पोराने माझी डबी बघितली, हसला, आणि जड मण्याची काळी निम्फ काढून दिली. म्हणाला, अंकलजी, दगडाच्या मागे टाका. मोठ्या दगडाच्या मागे पाणी थांबतं, तिथे मासा उभा राहून समोरून काय येतंय ते बघत असतो. दुसऱ्याच फेकीला ब्राउन ट्राउट. अंगावर लाल ठिपके, ठिपक्यांभोवती फिकट कडं. अंकलजी म्हटल्याचं दुःख त्यात विरघळून गेलं.

हा मासा आपला नव्हेच, साहेबाने आणलेला. काश्मीरला १९०० मध्ये विलायतेतून बर्फात ठेवून अंडी आली, त्याआधीची खेप वाटेत वाया गेली होती. निलगिरीत अॅव्हलांचला १९०७ ची हॅचरी अजून आहे. काश्मीरला जायचं तर नदीचे पट्टे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि परवाना त्या बीटचा मिळतो.

राजापुरी
म्हणजे साहेब चहा, क्रिकेट आणि ट्राउट ठेवून गेला. आपण दोनच उचलले.

सुपारी_कातर
तीर्थनला जाईपर्यंत सराव कुठे करू? मुळामुठेत?

पहाडी_पुणेकर
मुळामुठेत माशी टाकलीत तर माशीच मरेल. सराव मैदानावर करा. गळ लावायचा नाही, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा आणि वीस फुटांवर स्टीलचं ताट ठेवून त्यात पाडायचा. शेजारचे काय म्हणतील ते म्हणू देत. माझ्या सोसायटीत वॉचमन विचारायचा, साहेब पतंग कुठाय?

मासेच हवे असतील तर आपल्या नद्यांतला खडस, म्हणजे महसीर, फ्लायवर घेतो आणि ट्राउटपेक्षा दांडगा ओढतो. पण मध्यंतरी त्याची अवस्था बिकट झाली होती. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात अर्धशतकापासून त्याची पैदास करून पिल्लं सोडतात. स्थानिक परवानगी विचारूनच जा, आणि मिळाला तर सोडा.

ताकभात
@शास्त्रीकाठ, मला तर वाटतं सगळं विकून आजोबांची काठी काढा. जपानी लोक तेच करतात म्हणे.

धुकं
ताकभात गमतीत म्हणाले पण ते खरं आहे! तेंकारा. रीळ नाही, नुसती लांब काठी, टोकाला काठीएवढी दोरी आणि एक माशी. जपानच्या डोंगरी ओढ्यांत पोटापाण्यासाठी मासे धरणाऱ्यांची रीत. माश्यांबद्दल तर त्यांचे कित्येक जण एकच माशी वर्षभर वापरतात, उलट्या पिसांची. म्हणजे हंटरडनकरांच्या सहांपेक्षाही पाच कमी. छोट्या ओढ्यावर मी हल्ली तेच वापरते.

हंटरडनकर
म्हणजे शेवटी तुम्ही माझ्याच बाजूला आलात.

धुकं
दगड उचलून मग.

उकडीचा_मोदक
एक धोक्याची सूचना नोंदवतो. या धाग्याच्या भरात मीही गेल्या रविवारी मित्राची काठी घेऊन तळ्यावर गेलो. मागून वारा होता. तिसऱ्या फेकीला वूली बगर माझ्या उजव्या कानाच्या पाळीत. काटा दाबलेला नव्हता. इमर्जन्सीत दोन तास बसलो, कानातून काळी शेपटी लोंबतेय. समोरची छोटी मुलगी आईला विचारत होती, तो काका कानातलं एकाच कानात का घालतो? डॉक्टरांनी गळ पुढे ढकलून काटा बाहेर काढला, कापला आणि मग मागे घेतला. टोपी, गॉगल आणि दाबलेला काटा, या तीन गोष्टी माश्यांच्याही आधी घ्या.

टकमक
निदान मोदकाला कळी तरी पडली.

शास्त्रीकाठ
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. हिशेब देतो.

हंटरडनकरांच्या यादीतल्या सहाही घेतल्या, पण दोन-दोनच. गॉगल आणि टोपी घेतली, पकडीने काटे दाबले (मोदकराव, उपकार आहेत). ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या स्थानिक शाखेने एका शनिवारी फुकट शिकवलं. आठ जण होतो, त्यात एक गुजराती काकू, दोरी सगळ्यांत सरळ त्यांचीच पडत होती.

पहिला रविवार गॉर्जमध्ये. कच्चा रस्ता नदीला लागून जातो, मध्ये घराएवढे दगड. दोन तासांत चार माश्या झाडाला, एक दगडाखाली. मासा शून्य. दुसऱ्या रविवारी काठी गाडीतच ठेवली आणि धुकंताईंनी सांगितलं तसा दगड उचलला. पाच नव्हे, दहा सेकंद गेली, मग चाललं. काळपट, चपटं, नखाएवढं. डबीतली फेझंट टेल शेजारी धरून बघितली, अगदी भावंडं. फ्रँक सॉयर नावाचा इंग्लिश नदीराखा होता त्याने ती बांधली असं वर्गात सांगितलं होतं, त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

एका मोठ्या दगडाच्या मागे टाकली, पहाडींच्या त्या पोराने सांगितलं तसं. सातवी की आठवी फेक असेल. दोरी जाता जाता थांबली. मला वाटलं परत दगड. उचलली तर दगड हलला.

नऊ इंच. रेनबो, कडेने गुलाबी पट्टा. हात ओले केले होते, तरी इतका बुळबुळीत की जाळीत येता येता माझ्या बोटांतून निसटून स्वतःच गेला. सोडायचा की नाही हा वाद मला घालावाच लागला नाही. अंगठ्याला वास मात्र संध्याकाळपर्यंत होता, काकडी चिरल्यासारखा. शास्त्रीच्या माशांना तो वास नव्हता.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, किती किलो? म्हटलं, सोडला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, तुझे आजोबा असते तर तुला घरात घेतला नसता.

राजापुरी
आई बरोबर आहेत.

हंटरडनकर
अभिनंदन! येत्या रविवारी मी कॅलिफॉनच्या पुलाखाली सहापासून आहे, या. सल्फर सुरू होतील.

शास्त्रीकाठ
नक्की येतो. पण सल्फरला तुमच्या सहांपैकी कुठली लावू? की आता सातवी घ्यावी लागणार?

हंटरडनकर
... सातवी घ्या. फिकट पिवळी, १६ नंबर.

धुकं
:)